सगळेच परत येतात

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना मत सांगावं लागतं. त्याशिवाय बाई दुसरं देत नाहीत. सुपरहिरोंच्या टोळीचा एक जाडजूड कॉमिक संग्रह सध्या हातोहात फिरतोय. कुणाला रंग भडक वाटले, कुणाला एवढ्या गर्दीत एकही हिरो लक्षात राहिला नाही. मी चित्रांना नावं ठेवली होती.

आज रांगेत माझ्यापुढे देशमानेकाका होते. त्यांचा मुलगा अग्निशमन दलात होता. गोदामाच्या आगीतून बाकीचं पथक बाहेर आलं, तो आला नाही.

"कसं वाटलं, काका?" बाईंनी सवयीने विचारलं.

"आगीतून सगळेच परत येतात. ते काही पटलं नाही."

पुस्तक आपल्या घरात शिरत नाही, तोवरच मत देणं सोपं असतं.

काकांनी संग्रह टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात उचलला नाही. मग हळूच विचारलं, "याचा पुढचा भाग आहे का?"