स्वयंपाकघरातले कोमट पाणी

डिसेंबरमध्ये आमच्या फ्लॅटचा वीजवापर आदल्या महिन्याच्या दुप्पट झाला. बिल जानेवारीच्या सुरुवातीला मोबाइलवर आले. घरात तीन माणसे होती: मी, बायको आणि आई.

फ्लॅट चिकलठाण्याच्या पुढे, जालना रोडपासून थोडा आत, सातव्या मजल्यावर आहे. घरात गॅस नाही. पाइपने गॅस येणार असे बिल्डरने सांगितले होते. खोदकाम रस्त्यापर्यंत येऊन थांबले. तोवर चालवून घेऊ म्हणून इंडक्शनची शेगडी आणली आणि तीच राहिली. चहा, स्वयंपाक, आंघोळीचे पाणी, सगळे विजेवर. त्यामुळे जास्त बिलाची सवय होती. दुप्पट बिलाची नव्हती. त्या महिन्यात घरात एकही नवे यंत्र आलेले नव्हते. नवीन आलेली फक्त आई होती.

ती अजिंठ्याजवळच्या गावात एकटी राहत होती. दिवाळीनंतर अंगणात घसरून पडली आणि शेजारीण ताक द्यायला येईपर्यंत तशीच पडून होती. हाड मोडले नव्हते, पण गुडघा सुजला होता. तिला इकडे आणले. निघताना तिने मामांसमोर अट घातली. "भार झाले की सांगायचं. मी माझ्या घरी जाईन. घर काय कुठं पळून चाललं नाय." मी हो म्हणालो, मामाही ठीक आहे म्हणाले. ते साक्षीदार झाले.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात लाइट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत आई एकटी होती. वॉचमनने दार उघडून तिला बाहेर काढले. त्यानंतर ती एकटी खाली उतरली नाही. गुडघ्यामुळे जिना जमत नव्हता. आमच्यापैकी कोणी मोकळे असेल तेव्हाच तिला खाली नेले जाई, आणि आम्ही दोघेही दिवसभर कामावर. उरलेला वेळ ती गॅलरीच्या जाळीमागे खुर्चीवर बसे. तिथून विमानतळाची भिंत दिसते.

बिलाचे आईला सांगायचे नाही असे आम्ही ठरवले. तिला ते त्याच संध्याकाळी कळले. एवढ्याशा घरात फोनवरचे बोलणे लपत नाही.

"माझ्यामुळं व्हय रं?" तिने विचारले.

"नाही. थंडीत सगळ्यांचंच वाढतं."

"शेजारणीचं वाढलं का?"

मी शेजारी विचारले नव्हते. तसे सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून आई खोलीत दिवा लावीना. संध्याकाळी अंधारात बसे. गुडघा शेकायची गरम पाण्याची पिशवी तिने कपाटात ठेवून दिली. एका सकाळी फ्रिज बंद सापडला. दूध नासले होते.

"रातच्याला कोण उघडतंय त्याला? मंग चालू कशाला?"

"आत्या, तो बंद करायचा नसतो," बायको म्हणाली. ती आईला आत्या म्हणते.

"तुमच्या घरात काय बंद करायचं नसतं तेच एकदा सांगा. ही शेगडी तापती पण दिसत नाय. गीझर चालू हाये का बंद, ते त्यालाच ठावं."

यावर बायको हसली. आई हसली नाही.

आमच्यातही बदल झाला. मी खोलीतून बाहेर पडलो की मागे बायको येऊन स्विच पाही. तिने इस्त्री काढली की मी किती कपडे आहेत ते पाही. कोणी कोणाला काही म्हणत नव्हते. घरातले सगळे स्विच तिघांपैकी कोणाच्या तरी नावावर जमा होत होते.

वीज कंपनीकडे तक्रार केली. त्यांचा माणूस आला, मीटर तपासले, मीटर बरोबर आहे असे लेखी दिले.

रविवारी आम्ही स्वतः तपासायचे ठरवले. मीटर तळमजल्यावर एका कोंदट खोलीत आहेत. आमच्या मीटरवर लाल दिवा आहे. वीज जास्त ओढली जात असेल तर तो भराभर लुकलुकतो. मी खाली मीटरसमोर उभा राहिलो, बायको वर मेन स्विचच्या पेटीपाशी. दोघांच्या कानाला फोन.

"हॉलचा बंद केला."

"फरक नाही."

"किचनचा केला. फ्रिज गेला बघा. आत्या खूश झाल्या."

"थोडा कमी झाला."

"आता गीझर."

दिवा जवळपास थांबला. सकाळची आंघोळ होऊन दोन तास उलटले होते. त्यानंतर कोणी गरम पाणी घेतलेले नव्हते. तरी गीझर तापत होता.

एकच गीझर दोन्ही बाथरूमना पाणी देतो. पाणी तापले की तो आपोआप बंद होतो, म्हणून हिवाळ्यात त्याचा स्विच आम्ही दिवसभर चालूच ठेवतो. इलेक्ट्रिशियनने तो उघडला, आतला थर्मोस्टॅट बदलला, जुना ठीकच होता असेही म्हणाला. आठवडाभराने मीटर पाहिले. वापर तेवढाच होता.

या काळात आईने आमच्या बाथरूममध्ये येऊन गरम पाण्याने आंघोळ करणे सोडले. ते आम्हाला उशिरा कळले. ती तिच्या बाथरूममध्ये बादलीत साध्या नळाचे पाणी घेत होती.

"गार पाण्यानं आंघोळ? जानेवारीत?" मी म्हणालो.

"गार कुठं हाये? चांगलं कोमट येतं."

बायकोने दुजोरा दिला. स्वयंपाकघरातही गार पाण्याच्या नळाला कोमटच येते, भांडी घासताना बरे वाटते, असे ती म्हणाली. गच्चीवरच्या टाकीला ऊन चांगले लागते, हे तिने माहेरी फोनवरही सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मी सूर्य उगवण्याआधी तो नळ सोडला. आधी गार आले, मग कोमट. बाहेर धुके होते. टाकीला ऊन लागून बारा तास झाले होते. मी गीझरच्या गरम पाण्याच्या पाइपचा कॉक बंद केला. थोड्या वेळाने त्याच नळाला बोटे आखडतील असे पाणी आले. कॉक उघडला, पुन्हा कोमट झाले.

म्हणजे घरात कुठेतरी गरम पाण्याची लाइन गार लाइनला जोडली गेली होती. भांडी, फ्लश, कपडे धुण्याचे मशीन, सगळ्यांना गीझरचे पाणी जात होते.

आमच्या बाथरूममध्ये सगळे बंद होते. मग आईच्या बाथरूममध्ये गेलो. तिथे नळाला गरम आणि गार असे दोन नॉब आहेत. पुढे लवचिक पाइप आणि बटण दाबून पाणी सोडायचा हँडशॉवर. दोन्ही नॉब पूर्ण उघडे होते. हँडशॉवर बादलीत पडला होता. त्याचे बटण दाबलेले नसल्यामुळे पाणी बाहेर येत नव्हते. आतल्या आत गरम आणि गार एक होत होते.

मी विचारले. आई पलंगावर बसली होती.

"मीच ठेवते उघडे. पाणी आलं तर कळायला नको?"

शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आमच्या बिल्डिंगला टँकर येतो, आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह दुपारी बंद असतो. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की नळ उघडा ठेवून खाली भांडे लावायचे, आणि आवाज आला की उठायचे, असे आईने गावी आयुष्यभर केले होते. आल्यानंतर पहिल्याच कोरड्या दुपारी तिने दोन्ही नॉब उघडले. आवाज आला नाही, म्हणून ते बंद केले नाहीत. तोंड धुण्याचे आणि पुढे आंघोळीचेही पाणी ती बेसिनशेजारच्या साध्या नळाचे घेत होती.

ती उठली, आत गेली आणि दोन्ही नॉब स्वतः फिरवून बंद केले.

"म्हंजे माझंच व्हय."

"नळच तसला आहे, आत्या," बायको म्हणाली. "कोणाकडूनही झालं असतं."

"तुझ्याकडून झालं का?" मग ती माझ्याकडे वळली. "तू पेपरात काम करतो. खरं काय ते सांग."

नॉब उघडे राहिल्यामुळे झाले, मी म्हणालो. आता बंद झाले आहेत, बिल पुढच्या महिन्यात खाली येईल, म्हणजे भार वगैरे काही राहिला नाही, हेही म्हणालो.

"मी काय बोलले होते तुझ्या मामापुढं?"

"ते बिलाबद्दल नव्हतं."

"मंग कशाबद्दल व्हतं?"

बायको मध्ये पडली. "तुम्हाला जायचंच होतं, आत्या. तुम्ही निमित्त बघत होता."

आई पलंगाकडे वळली. तिने पलंगाखालची पिशवी ओढली.

त्या आठवड्यात तिला थांबवण्याचे प्रयत्न झाले. मामांना फोन लावून दिला. त्यांनी तिचे ऐकून घेतले आणि मला सांगितले की अट तिने घातली होती आणि तेव्हा मीही हो म्हटले होते. डॉक्टरांनी गुडघा अजून महिनाभर जपायला सांगितला. आई ऐकेना, तेव्हा गावच्या शेजारणीला विचारले, ती सकाळ-संध्याकाळ डोकावून जाईन म्हणाली. अंगणात फरशीऐवजी खडबडीत कोबा करून घ्यायचे ठरले. तो अजून झालेला नाही.

रजा मिळाली त्या दिवशी मी तिला एसटीने सिल्लोडमार्गे गावी पोहोचवले. कुलूप तिने स्वतः उघडले. मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

फेब्रुवारीचे बिल मार्चच्या पहिल्या आठवड्यात आले. त्याच दिवशी आईचा फोन आला.

"कमी आलं का?"

"आलं."

"किती?"

"तू यायच्या आधी यायचं, तेवढं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.