विजूभाऊच्या पिक्चरमधलं लग्न

माझ्या स्वतःच्या लग्नात या माणसाने मला बायकोच्या गळ्यात पुन्हा हार घालायला लावला. मंगलाष्टकं संपली होती, पाहुणे पंगतीकडे सुटले होते, आणि विजूभाऊ स्टुलावरून ओरडला, "सर, हार काढा! तुमचं तोंड लाइटबिल भराले चालल्यावानी दिसून राह्यलं. हसा जरा, अन् पुन्हा घाला." मी मुकाट्याने हसलो, घातला. बायको आजही म्हणते, आपलं लग्न दुसऱ्या टेकला लागलं.

विजूभाऊ अमडापूरचा. चिखलीत त्याचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ. चहा उभ्याने, जेवण चालता चालता, आणि बोलताना समोरच्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायची खोड. एकदा त्याने आमच्या हेडमास्तरांचीही वळवली. "उजेड चालला बे, हाल!" हे पालुपद दिवसभर, अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हातसुद्धा.

स्टुडिओच्या वरच्या खोलीत तो आणि शरद राहायचे. शरद बँकेत कारकून. शांत, इस्त्रीतला माणूस. गाव त्यांना 'दोस्त' म्हणे आणि विषय बदले. शरदचे वडील नाना मूळचे जानेफळचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, घरोघरी सत्यनारायण सांगणारे. विजूचं घर बौद्ध. नाना लोणच्याची बरणी घेऊन यायचे, पण जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, "शरद, घेऊन जा रे." वर कधी चढले नाहीत.

एके दिवशी विजू शाळेत येऊन थडकला. "सर, मी पिक्चर काढून राह्यलो. दोन पोट्ट्यांच्या प्रेमाचा. एक पुजाऱ्याच्या घरचा, एक आमच्यातला. शेवटी लग्न."

"हिरो कोण?"

"एक मी."

"चाळिशी उलटलेला पोट्टा?"

"लाइट बरोबर लावला तं चालते! दुसरा शरद. पण तो म्हणते, शेवटच्या सीनले नाना आले तरच मुंडावळ्या बांधीन." मग पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "आयुष्यभर लोकायचीच लग्नं काढली सर. एक आपलं काढू द्या. नाना गर्दीत उभे राहिले तरी बस."

नाना हो म्हणाले. "उभा राहीन. बोलणार काही नाही."

शूटिंग अमडापूरच्या मैदानात. गर्दी दोन्हीकडची, खरी: विजूचे सोयरे अमडापूरचे, शरदचे जानेफळचे. पिक्चरचं असलं म्हणून काय, लग्न म्हटल्यावर सगळे फेटे-टोप्या घालून आलेले. विजू नवरदेव झालेला, म्हणून कॅमेरा माझ्याकडे. मांडवाच्या एका बाजूला एक वरात वाजतगाजत थांबली, दुसऱ्या बाजूला दुसरी. आणि दोन्ही थांबूनच राहिल्या.

आमच्याकडे पोरीवाले पुढे येतात, टॉवेल-टोपी देतात, गळाभेट घेतात, तेव्हा कुठे पोरावाले मांडवात पाऊल टाकतात. इथे तर दोन्ही पोरावाले!

"पोरीवाले कुठी हायत?" विजूच्या काकांनी विचारलं.

"आम्ही नाही!" जानेफळकर एका सुरात.

"मंग काय आम्ही? आमचाबी नवरदेवच हाय!"

"काका, पिक्चर हाय हो!" विजू मुंडावळ्या सावरत या वरातीतून त्या वरातीत धावत होता.

"पिक्चर असो का काही असो," काका म्हणाले, "इज्जत तं आपलीच हाय."

बेंजोवाले थांबले. ऊन उतरायला लागलं. जानेफळच्या गर्दीतून कुणीतरी फिसकन हसलं. शरदचा चेहरा पडला. "राहू दे विजू," तो म्हणाला आणि त्याने मुंडावळ्यांच्या गाठीला हात घातला. विजू बघतच राहिला.

तेवढ्यात गर्दीतून नाना बाहेर आले. टॉवेल-टोपी कुणी आणलीच नव्हती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, डोक्यावरची टोपी काढली, आणि ते टक्कल उन्हात चमकवत सरळ अमडापूरच्या वरातीसमोर गेले.

"या व्याही. पोरीवाले आम्ही."

काका गडबडले. "तुम्ही काऊन? तुमचाबी पोरगाच हाय ना नाना."

"कोणीतरी पुढे याले पाहिजे ना हो," नाना म्हणाले. "मलेच उशीर झाला." आणि उपरणं-टोपी काकांच्या हातात ठेवून त्यांनी त्यांना कडकडून मिठी मारली.

बेंजो पुन्हा सुरू झाला. जानेफळकरांनी अक्षता टाकल्या, अमडापूरकरांनी फुलं. दोघांच्या फेट्यांवर सगळं एकत्र झालं. शरद ढसाढसा रडत होता, आणि विजू उजेडाकडे न बघता त्याच्याकडे बघत होता. मी कॅमेरा धरून होतो. हार झाले, पंगत बसली, नानांनी विजूच्या पानात आग्रहाने बुंदी वाढली, तरी मी धरूनच होतो. चालू कॅमेरा थांबवायचा हक्क फक्त विजूचा. 'कट' त्यानेच म्हणायचं असतं.

तो अजून म्हणालेला नाही.