मी मागे बसेन

दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना एक खोड असते. मेट्रोत फोनवर घरातलं सगळं मोठ्यांदा बोलायचं. इथे कोणाला कळतंय! मी पुण्याच्या आईशी रोज तशीच बोलते. त्या सकाळी मयूर विहारला शेजारी येऊन बसलेले काकाही त्यातलेच निघाले.

कडक इस्त्रीचा शर्ट, फोनवर मुलगा. त्याने कॅनडात गाडी घेतली होती आणि काका उन्हाळ्यात त्याच्याकडे जाणार होते.

"अरे, विम्यात माझंही नाव घाल. आयुष्यभर दिल्लीत गाडी चालवली, साधा ओरखडा नाही. सांग त्यांना."

मग ते बराच वेळ नुसते ऐकत होते. उजवा पाय मात्र ब्रेक दाबावा तसा खाली दाबला जात होता.

"इथलं चालवणं तिथे धरतच नाहीत? नवशिक्या म्हणून हप्ता वाढतो? बरं, मग नको घालूस. मी मागे बसेन."

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. मी बघतेय हे लक्षात येताच हसले आणि हिंदीत म्हणाले, "बेटा है, कनाडा में. नई गाड़ी ली है. कहता है, पापा, चलाएँगे तो आप ही."

किती दिवसांनी मेट्रोत मराठी ऐकलं होतं. 'काका, तुम्ही मूळचे कुठले?' अगदी ओठांवर आलं होतं.

"अच्छा! बधाई हो, अंकल," मी म्हणाले.

तेवढ्यात पर्समध्ये आईचा फोन वाजायला लागला. मी तो वाजू दिला.