पलीकडचा जिल्हा

खाडीच्या धक्क्यावर फेरीबोट लागली. शेजारच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर सांदणांचा डबा घेऊन बसली होती. मी म्हटलं, "चला, चाची."

"मला नाय जाता येत. व्हिसावर हाच जिल्हा लिहिलाय."

ती मूळची इथलीच. लग्न होऊन कराचीला गेली आणि आता माहेरी परदेशी म्हणून आली होती. तिची धाकटी बहीण पलीकडच्या जिल्ह्यात अंथरुणाला खिळलेली.

"आमचा आजा नुसतं बोटीचं तिकीट काढून कराचीला जायचा. मग परमिट आलं, मग पासपोर्ट, मग व्हिसा. आता कुठं फिरायचं तेपण लिहून देतात." आवाजात तक्रार नव्हती, नुसता शीण होता.

कायदे करणारे बदलत गेले. जो आला त्याने आधीच्या कुंपणावर आपली एक तार चढवली. काढली कुणीच नाही. कुणावर चिडावं, हेही आता कळत नाही.

बोटीत माणसं चढली, मोटारसायकली चढल्या, एकाच्या चार बकऱ्याही चढल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. म्हातारीने डबा माझ्या हातात दिला आणि पलीकडचं लाल कौलांचं घर दाखवलं.

मी तो पोचवला. बहिणीने उशाशी डबा ठेवून घेतला आणि फोन लावला. खिडकीतून खाडीपलीकडचा धक्का दिसत होता. तिथे एक लहानशी आकृती कानाला फोन लावून उभी होती.

"डबा आला गो," बहीण म्हणाली. "आता तू ये."