वरचा डबा

शनिवारी दुपारी सारोळ्याच्या पुलाजवळ गाडी पंक्चर झाली म्हणून मी दुकानासमोरच्या बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा शबानाचा फोन आला. शबाना म्हणजे माझा मित्र सलीम, त्याची मुलगी. तिचं नाव दिसल्याबरोबर माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, परत ते गाणं लागत नसणार. "उद्या जातोय गं मी भोरला, बघतो," असं मी तिनं तोंड उघडायच्या आधीच म्हणून टाकलं. ती म्हणाली, "काका, पप्पा गेले..." पंक्चरवाल्यानं चाक बसवून दोनदा हाक मारली तरी मी तसाच बसून होतो.

सलीम आणि मी भोरच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढं तो वायरमन झाला आणि उभी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात विजेच्या खांबांवर चढण्यात घालवली. मी पुण्याला बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागलो, निवृत्त झाल्यावर कामथडीला येऊन राहिलो, आणि या सगळ्या काळात आपल्याला फार कळतं असं समजत आलो. सलीमच्या वडिलांचा, उस्मानचाचांचा, लग्नाचा बँड होता. चाचा क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी सलीम खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून वरातीच्या कडेकडेनं चालायचा आणि बँड टेप करायचा. अशा चाळीसेक कॅसेट त्यानं जपून ठेवल्या होत्या. त्यात तेरा नंबरची त्याच्या जिवाची. पानशेतकडच्या कुठल्याशा लग्नातली. तिच्यात चाचा एक सूर इतका लांब ओढतात, की ऐकताना आपणच श्वास धरून बसतो. "आब्बा दम कुठं घेत्यात रं?" सलीम दर वेळी विचारायचा. "म्या शंभरदा ऐकलंय, सापडतच न्हाई." त्या टेपच्या शेवटी चाचांचं एक वाक्यही आहे. त्यांचा बोलण्याचा आवाज तेवढाच उरलाय, बाकी सगळं क्लॅरिनेट.

निवृत्त झाल्यावर त्यानं सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवल्या आणि गेल्या वर्षी माझ्या मागं लागला, की घरातलं हे सगळं बाहेरून मोबाईलवर ऐकता आलं पाहिजे. वेल्ह्याच्या गावांत हिंडून म्हाताऱ्या जोडप्यांना त्यांच्याच वरातीतला बँड ऐकवायचा बेत होता त्याचा. मी ऐटीत गेलो. केबलवाल्यानं जिन्यावर छताजवळ एक डबा ठोकला होता, त्यातून वायर खाली सलीमनं आणलेल्या राउटरला आली होती. मी राउटर उघडला, बाहेरून येणाऱ्याला कॉम्प्युटरपर्यंत पोचवायची सेटिंग केली, गल्लीत जाऊन त्याच्या मोबाईलवर बँड वाजवून दाखवला. भाभींनी चहा केला. गल्लीतसुद्धा घरचंच वायफाय येतंय, म्हणजे मी बाहेर गेलोच नाही, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. सलीम मात्र शिडी घेऊन जिन्यात उभा.

"विन्या, त्या वरच्या डब्यात काय हाय?"

"केबलचा डबा आहे तो. त्याचा काही संबंध नाही."

"न्हाई, आमी फॉल्ट हुडकताना पयलं खांब बघतो, मग मीटर, मग घरात शिरतो. तू एकदम घरातच शिरलास."

"ही काय तुझी लाईट आहे का?" मी हसून म्हणालो. "हात लावू नकोस त्याला." त्यानं मुकाट्यानं शिडी परत नेऊन ठेवली. आयुष्यभर त्यानं कुणाचं असं ऐकलं नाही. माझंच ऐकलं.

वेल्ह्याची फेरी राहूनच गेली. पावसाळ्यानंतर त्याला दम लागायला लागला, फुप्फुसात पाणी झालं आणि पुण्याला दवाखान्यात ठेवलं. भाभी आणि शबाना दोघी तिकडंच, भोरचं घर बंद, आत कॉम्प्युटर तेवढा चालू, किल्ली शेजारी. मंगळवारी त्याचा फोन आला. "विन्या, तेरा नंबर लागंना रं. नुसतं चाक फिरतंय." मी म्हणालो, मोबाईल बंद करून चालू कर. त्यानं केला. बुधवारी परत तेच. "घरी लागत होतं ना? मग तुझ्या मोबाईलचंच काहीतरी असणार," मी म्हणालो. माझी सेटिंग चुकली असेल, हे मला खपतच नव्हतं. तो बोलताना मधे मधे थांबत होता. "वरचा डबा... बघतोस का... जाऊन?" कामथडीहून भोर ते किती, अर्ध्या तासाची वाट. मी म्हणालो, रविवारी बघतो. गुरुवारपासून त्यानं विचारणंच सोडलं.

किल्ली घेऊन ती एक टेप पेनड्राइव्हवर घालून दवाखान्यात नेता आली असती. शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी बिघाडाच्या मागं होतो. त्याला फक्त बापाचं क्लॅरिनेट ऐकायचं होतं. हे मी गेला दीड महिना स्वतःला रोज सांगतो आहे आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मातीनंतर आठ दिवसांनी भोरला गेलो. भाभी इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात होत्या, पडद्यापलीकडच्या खोलीत. शबानानं शिडी धरली, मी चढलो. तो डबा म्हणजे आणखी एक पुरा राउटर होता. घराचं दार मी उघडून ठेवलं होतं आणि त्याच्या पुढचं फाटक बंद होतं, म्हणून बाहेरून येणारं काहीच आत येत नव्हतं. केबलवाल्याला फोन लावून, तीच सेटिंग त्यातही करायला पंधरा मिनिटं लागली. मग मी सलीमचा मोबाईल मागितला. दवाखान्यातून आणल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. त्यात तेरा नंबरच काढून ठेवलेली होती. "शेवटी शेवटी ते चाकच बघत पडायचे," शबाना म्हणाली. मी मोबाईलचं वायफाय बंद केलं आणि बोट लावलं. लगेच बँड सुरू झाला.

पडद्यामागून भाभींनी विचारलं, "भाऊ, कशानं अडलं व्हतं?"

"वरच्या डब्यानं, भाभी."

"ते तर तेच म्हनत व्हते..." एवढंच त्या बोलल्या. त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून टेप संपेपर्यंत उभा राहिलो. निघताना कॉम्प्युटर बंद करू का विचारलं, तर नको म्हणाल्या. तो अजून चालू आहे.

हल्ली मी रोज संध्याकाळी कामथडीत अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि तेरा नंबर लावतो. पहिल्या फटक्यात लागते. चाचा दम कुठं घेतात ते मीही शोधतो, मलाही सापडत नाही. मग वरात कुठल्याशा दारात थांबते, ढोल थांबतो, आणि चाचा म्हणतात, "सलीम, बंद कर रं ते आता, सेल संपत्याल..." त्यानंतर खट् असा आवाज होतो आणि टेप संपते. तो खटका सलीमनं दाबलेला आहे. चाळीस कॅसेटमध्ये त्याचा स्वतःचा आवाज कुठंही नाही, तेवढा खटका आहे.