मागे पडलेली ढोलकी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या माझ्या ताईच्या क्वार्टरात एका रविवारी ढोलकी तालातून निसटली आणि त्याबद्दल रोलिंग मिलमधून रिटायर झालेल्या भाऊजींना विनाचौकशी दोषी ठरवण्यात आलं.

रेकॉर्डिंगची हौस माझी. लॅपटॉपला दोन साउंड कार्डं जोडली होती, कारण एकात दोनच माइक लागत. ताईचं गाणं आणि पेटी एका कार्डात, भाऊजींची ढोलकी दुसऱ्यात. भजन तासभर अखंड चाललं. ऐकायला बसलो तर सुरुवात झकास. शेवटाकडे मात्र ढोलकी पेटीच्या मागून धापा टाकत येत होती.

"जन्मभर शिफ्टले वेळेवर गेले, आन् भजनात लेट," ताई म्हणाली, आणि हेच शेजारीपाजारीही ऐकवत राहिली.

भाऊजींनी ढोलकी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. "वय झालं आता. दुसरा पाहून घ्या." आठवडाभर त्यांची बोटं ताटावरसुद्धा वाजली नाहीत. घर कसं बिनफोडणीच्या वरणासारखं झालं.

गुन्हेगार मीच निघालो. प्रत्येक कार्डात स्वतःचं घड्याळ असतं, त्याच्या ठेक्यावर ते आवाज टिपतं. दोन घड्याळं म्हणजे दोन जावा: पाच मिनिटं छान जमतं, तासाभरात फरक दिसतो.

पुढच्या रविवारी मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, दोन्ही कार्डांचे माइक त्याच्यापुढे ठेवले आणि तासभर टिकटिक टिपली. दोन्ही रेकॉर्डिंगं एकत्र लावली, तर सुरुवातीला एकच टिक ऐकू आली. शेवटी दोन.

भाऊजी पुढे सरकले. "घड्याळ तं एकच होतं नं बे?"

"घड्याळ एकच. कार्डं दोन," मी म्हणालो.

मग एका कार्डातून दुसऱ्यात केबल टाकली आणि दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये बजावलं: स्वतःचं घड्याळ बघायचं नाही, पहिल्याचंच ऐकायचं. ताईला ही व्यवस्था फार आवडली. स्टुलावर चढून ढोलकी मीच काढली. भाऊजी आढेवेढे घेत बसले आणि पहिल्या थापेला रुसवा विसरलेही. पुन्हा तासभर भजन, पुन्हा ऐकणं. शेवटच्या गजरापर्यंत पेटी आणि ढोलकी हातात हात घालून.

ताई उठली. मग म्हणाली, "चहा ठेवू का तुमाले?" तिच्या भाषेत हे माफीपत्र.

भाऊजींनी उठून खिडकी सताड उघडली.

"चहा मंग. आधी ते अजून एकदा लावा, साळेसायेब, आवाज वाढवून. आठ दिवस शेजाऱ्यायनं तुमच्या ताईचं आयकलं, आता माझं आयकू द्या."