टिनाखालची बाळंतिणीची खोली

घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार कसं राहतं, हे सांगून सांगून आता माझं तोंड दुखतं. चिखलीच्या रस्त्याला लागून आमचं घर. कुणी एसटीची वाट पाहत सावलीला थांबतं, पाणी मागतं, आत येतं आणि म्हणतं, "बाप्पा, काय गार आहे हो आत!" मग मान वर करून छत पाहत बसतं. मी सांगते. वर टीन, म्हणजे पत्रा, टिनाखाली तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं छत, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपलेलं, टीन आणि छताच्या मधे हातभर मोकळी जागा आणि तिथला तापलेला वारा निघून जायला दोन्ही टोकांना फटी. खिडकी खाली उत्तरेला, झरोका वर दक्षिणेला. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई मोठी हुशार आहे. हे छत आलं कसं, ते कुणी विचारत नाही, आणि मीही इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता थकले, म्हणून सांगते.

माझं माहेर लोणारकडचं. मी सात-आठ वर्षांची असतानाच आई गेली. घर धाब्याचं, म्हणजे वर लाकडं, लाकडांवर काड्या आणि त्यावर वीतभर खाऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर नवीन माती पसरावी लागते, नाहीतर घर गळतं. आई नव्हती, म्हणून माती वाहायचं काम माझ्याकडे आलं. गावाबाहेरच्या खाणीतून टोपलं डोक्यावर घ्यायचं, शिडीनं वर चढायचं, ओतायचं, पुन्हा खाली. मानेत कळ भरायची. आणि इतकं करूनही श्रावणात घरभर भांडी मांडावी लागायचीच. वडील म्हणायचे, "अजून धा टोपली टाक." मी मनात म्हणायची, एकदा लग्न होऊ द्या, पुन्हा धाब्याखाली राहायची नाही.

लग्न होऊन इकडे आले तेव्हा नवीन राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. घरात तिघंच. हे, माझी सासू आणि मी. सासरे कधीच गेलेले. आमचा भाजीपाल्याचा मळा होता, हे वांगी, मेथी, मिरच्या चिखलीच्या बाजारात न्यायचे. गावातली जागा भावकीत पुरेना, म्हणून मळ्याच्या कडेला स्वतःच घर बांधायचं ठरलं. गवंडी आला तो कोपरे जुळवायला दोन दिवस. बाकी सगळं आम्ही तिघांनी केलं. पांढरी माती आणि कुटार, म्हणजे भुसा, भिजवून पायांनी गारा तुडवला, दीड-दीड हात जाड भिंती उठवल्या. पायाला भेगा पडल्या, पण हौस होती. भिंती उभ्या राहिल्या, छपराचा विषय निघाला, आणि मी तोंड उघडलं.

"टीन टाकायचं," मी म्हणाले.

सासू दचकलीच. "टीन? अवं माय, उन्हायात भाजून निंघशीन. धाबं टाकू. दरसाल माती म्या टाकीन."

"तुम्ही किती वर्षं टाकाल, आत्याबाई? शेवटी ते टोपलं माझ्याच डोक्यावर येणार."

सुनेनं असं तोंडावर बोलायचं नसतं. पण माझा स्वभाव तेव्हाही तिखट होता आणि अजूनही काही गोड झालेला नाही. हे दोघींच्या मधे कान खाजवत उभे राहिले आणि माझ्या बाजूनं झाले. त्यांनाही टिनाची हौस होतीच, रस्त्यानं जाणाऱ्याला लांबून चमकताना दिसलं पाहिजे. सासूनं वाद घातला नाही. यांना एवढंच म्हणाली, "मंग भिंत आन् टिनाच्या मधात हातभर फट तरी ठेवजो. आतल्या गरमीले जायले वाट पाह्यजे."

यांनी फट ठेवली. पहिल्याच वावटळीत घरभर धूळ झाली, चिमण्यांनी काड्या आणून आणून चुलीत पाडल्या. मी यांच्यामागे अशी भुणभुण लावली की बाजाराच्या दिवशी बाजार सोडून त्यांनी दगड-मातीनं सगळी फट बुजवली. घर कसं डबीसारखं बंद झालं. केवढी खूश होते मी!

त्या हिवाळ्यात पहाटे टिनाला आतून दव धरायचं आणि थेंब थेंब गोधडीवर गळायचे. अंगावर ओलं पांघरूण घेऊन आम्ही कुडकुडत उठायचो. सासू मुकाट्यानं गोधड्या उन्हात टाकायची. मीच आपली फणकाऱ्यानं म्हणायची, "पावसाचं तर गळत नाही ना!" कुणी काही विचारलेलंही नसायचं.

पुढच्या वैशाखात मी बाळंत झाले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझ्या माहेरी करणारं होतं कोण? मुलगी झाली. सासूनं तिला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. यांच्या आधी तिची दोन मुलं बाळंतखोलीतच गेली होती. वारं लागलं म्हणून गेली, असं ती सांगायची. त्यामुळे या खेपेला तिनं जरासुद्धा कसूर ठेवली नाही. खिडकीत चिंध्या कोंबल्या, दाराला गोणपाट बांधलं, माझ्या कानाला फडकं गुंडाळलं, पोरीला तीन कपड्यांत लपेटलं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. बारा दिवस बाळंतिणीला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत.

ही रीत धाब्याच्या घरातली होती. वर वीतभर माती असली की भर वैशाखातही आत गारवा राहतो. तिथे शेगडी सोसते, बरीही वाटते. टिनाखाली ती कुणी करून पाहिलेली नव्हती. आमच्या गावात पहिलं टीन आमचं, तेव्हा पहिल्या आम्हीच.

सकाळी उन्हं वर आली की टीन कडकड वाजायला लागायचं. मग वरून टीन आणि खालून शेगडी. अंगाची लाही लाही व्हायची, श्वास गरम यायचा. ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरायचे, आणि धूर जाणार कुठे? फट मीच बुजवून घेतली होती. सासू सारा वेळ माझ्याजवळ बसून. निखारे खालीवर करता करता तिनं पहिल्याच दुपारी विचारलं, "उकडते का वं?"

मी म्हणाले, "नाही."

कशी म्हणू हो? टीन माझं होतं. उकडतं म्हटलं की ती म्हणणार, पाह्य, सांगतलं होतं म्या. म्हणाली नसती कदाचित. पण मला ती शंकाही सोसवत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा नाही. घामानं गोधडी भिजली होती, ती मी पाठीखाली दाबून ठेवली. चौथ्या दिवशी ती स्वतःशीच पुटपुटली, "वैशाखात बी इले उकडत नाही, म्हंजे आंगात थंडी शिरली," आणि तिनं शेगडीत आणखी निखारे घातले. तिचं काही चुकलं नाही. मी जे सांगत होते त्यावर ती चालत होती.

पाचवा दिवस पाचवीचा. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून खोलीत पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात. सासूनं सकाळपासून तयारी चालवली होती, शेजारच्या चार बाया यायच्या होत्या. पोरगी मात्र सकाळपासून दूध ओढत नव्हती. आधी किरकिरली, मग तेही बंद झालं. हात लावला तर अंग तव्यासारखं. ओठ सुकलेले, टाळू आत गेलेली. सासूनं पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"वारं लागलं वं माय! कुठून लागलं?" ती चिमटा घेऊन शेगडीकडे वळली. आणखी निखारे आणायला निघाली होती.

तेव्हा मी बोलले. "आत्याबाई, शेगडी नको. मला उकडतंय. पहिल्या दिवसापासून उकडतंय. मी खोटं बोलले."

ती जागच्या जागी थांबली. तिच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता, तो मला त्या घडीला पहिल्यांदा दिसला. "मले बी लय उकडे वं," ती म्हणाली. "तू नाही म्हणे, म्हून मले वाटलं माह्यंच काई बिघडलं."

ती मला रागावली नाही. रागवायला वेळही नव्हता. पेटती शेगडी तिनं पदरानं धरून अंगणात नेऊन उलटी केली. दाराचं गोणपाट ओढून फाडलं, खिडकीतल्या चिंध्या उपसल्या. यांना ओरडून म्हणाली, "पहार आण! ते फट मोकयी कर, आत्ताच्या आत्ता!" पुरुषानं बाळंतखोलीत यायचं नसतं, म्हणून हे बाहेरून शिडी लावून चढले आणि स्वतःच बुजवलेली फट फोडू लागले. दगड-मातीची ढेकळं आत बाजेवर पडत होती. सासूनं पोरीचे कपडे सोडले, ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसलं, कापसाच्या बोळ्यानं तोंडात पाण्याचे थेंब सोडले. मी नुसती तिच्या तळपायांना फुंकर घालत होते. वेड्यासारखी.

आणि नेमक्या तेव्हाच पाचवीच्या बाया ताटं घेऊन दारात आल्या. त्यांनी काय पाहिलं? खिडकी सताड उघडी, भिंतीला भगदाड आणि पाच दिवसांची पोर उघडी. एकीनं तोंडावर हात ठेवला. "अवं बाई, पाचवीच्या दिवशी?"

दिवस मावळायच्या आत पोरगी गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नावही नव्हतं.

बाया पुढे दहा-बारा दिवस येत राहिल्या. वारा घेतला म्हणून पोर गेली, यावर सगळ्यांचं एकमत. सटवाई येणार त्याच दिवशी घर उघडं टाकलं, अशी सासू कुठं असते का, असं त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई तिच्या तोंडावर बोलली. मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. सासूनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "हाव. म्याच उघडली." बस, एवढंच. एकदा जेवताना यांच्याही तोंडून निघालं, "माय, तू फट फोडायले नसती सांगत त..." तेव्हाही ती नुसती ताटातली भाकर कुस्करत राहिली. मी वाढत होते. एक वाक्य पुरे होतं, आणि ते मला माहीत होतं. मी यांच्या ताटात वरण वाढलं.

त्याच ज्येष्ठात तिनं यांच्याकडून हे छत करून घेतलं. तुराट्या तिनं निवडल्या, शेणमाती तिनं कालवली, झरोका कुठं आणि किती उंच ठेवायचा ते तिनं भिंतीला बोट लावून दाखवलं. चिमण्या येऊ नयेत म्हणून फटींना बाभळीच्या काट्या लावल्या. मी म्हटलेलं तिच्या ध्यानात होतं. घर असं गार झालं की लोक पाहायला यायला लागले. छताची कल्पना सुनेची, असं ती त्यांना सांगायची. मी तेही ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली, पुन्हा उन्हाळ्यातच. त्याच खोलीत. या खेपेला शेजारच्या बायांनी सगळं हातात घेतलं. त्याच म्हातारीनं सासूला खोलीच्या दारातून परत फिरवलं. "तुमचा हात नका लावू आता," म्हणाली. सासू बारा दिवस ओट्यावर बसून होती. माझं पाणी तीच तापवायची, बाळाची फडकी तीच धुवायची, आणि सगळं दाराशी आणून ठेवायची. मला आतून तिचा खोकला ऐकू यायचा, पाणी ओतल्याचा आवाज यायचा. खोली सुखाची होती, पोर पोटभर पिऊन झोपायची. ज्या बाईनं ते सुख केलं ती उन्हाच्या झळा खात बाहेर. "आत्याबाई, आत या," एवढी हाक मारायची होती. हाक मारली की कारण सांगावं लागलं असतं. मी कूस बदलून पडून राहायची.

बाराव्या दिवशी बारसं झालं. बाया जेवून गेल्या, तेव्हा ती खोलीच्या दारात आली. उंबरा ओलांडला नाही. हात पदराला दोनदा पुसले, पाळण्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "घेऊ का वं तिले?"

मी म्हणाले, "घ्या." आणखी काही म्हणाले नाही.